अट क्रमांक नऊ

मे महिन्यात, भर दुपारी बारा वाजता, गटाराच्या तोंडाशी उकिडवा बसून आत डोकावणारा सरकारी अधिकारी मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे साहेब. मी टायपिस्ट म्हणून नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मला त्यांच्यामागे वही घेऊन उभं राहावं लागलं. डोळ्यांनी पाहिलेलं कचेरीत पोचेपर्यंत शिळं होतं, असं त्यांचं मत होतं. जे दिसलं ते तिथल्या तिथे उतरवून घ्यायचं.

"लिहा. कोरडं," ते आत बघत म्हणाले.

"पूर्ण कोरडं लिहू का, साहेब?"

"कोरडं म्हणजे कोरडं. 'पूर्ण' लिहिलंत की वाचणाऱ्याला शंका येते."

आमची कचेरी स्वारगेटच्या मागच्या एका गल्लीत होती. शहरात पडणाऱ्या पावसाचं पाणी पालिका पावसाळी गटारांतून ओढ्यात आणि नदीत सोडत असे, आणि ते सोडायचा परवाना आमची कचेरी देत असे. गटाराच्या प्रत्येक तोंडाला वेगळा परवाना, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी त्याचं नूतनीकरण. मला हे सगळं ऐकून हसू आलं होतं. पाऊस पडायचा तो पडणारच, तो काय परवाना बघून पडतो? असं मी पहिल्याच दिवशी बोलूनही दाखवलं. जिभेला हाड नसण्याचं वय होतं ते.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पावसाला कोण देतंय परवाना? पावसाच्या नावावर बाकी जे काही वाहतं, त्याला आपण देत नाही. एवढंच काम आहे आपलं."

परवान्याला सतरा अटी होत्या. सोळा कुणी वाचत नसे. नववी मात्र साहेब येणाऱ्या माणसाला समोर बसवून मोठ्याने वाचायला लावत: 'या मुखातून पावसाच्या पाण्याखेरीज अन्य काहीही वाहणार नाही.' पालिकेचे इंजिनिअर, वयाने पन्नाशीचे, शाळेतल्या मुलासारखे उभे राहून ती वाचत. एकदा त्यांतल्या एकाने धीर करून म्हटलं, "साहेब, एखादं मोरीचं पाणी येतं हो थोडंसं. भांडी घासल्याचं."

"पाऊस भांडी घासतो का?"

"नाही, पण थोडंसंच—"

"उपासाला थोडीशी भजी चालतात का तुमच्याकडे?"

त्या वर्षी त्या तोंडाचा परवाना जून लागायच्या आदल्या दिवशी सुटला, आणि तोही सगळ्या मोऱ्या ड्रेनेजच्या लाईनला जोडल्याचं साहेबांनी जातीने जाऊन पाहिल्यावर.

पाहणी ते फक्त उन्हाळ्यात करत. पावसाळ्यात कुणी या म्हटलं तरी जात नसत. "पावसात सगळीच गटारं सज्जन असतात," ते म्हणत. "मे महिन्यात वाहतं ते खरं." त्यामुळे त्यांची छत्री मार्चमध्ये निघायची आणि पाऊस सुरू झाला की घरी कपाटावर जायची. पावसात ते भिजत यायचे, खुर्चीच्या पाठीला शर्ट वाळत घालायचे आणि बनियनवर फायली तपासायचे. त्यांच्या खिडकीत मुरंब्याच्या जुन्या बरण्या ओळीने मांडलेल्या असत. प्रत्येकीत कुठल्या ना कुठल्या गटाराचं पाणी आणि वर चिठ्ठी. नव्याने आलेल्या एका शिपायाने त्यातली एक सरबताची समजून उघडली होती. पुढे तो बदली करून घेऊन गेला. साहेबांना त्याच्यापेक्षा नमुना वाया गेल्याचं वाईट वाटलं.

आमच्या कचेरीतल्या सर्वांत जुन्या बाई म्हणजे लिमयेबाई, हेडटायपिस्ट. सोळा वर्षांची नोकरी, नऊवारीतून सहावारीत आल्या तेवढाच काय तो बदल. त्यांचं आणि साहेबांचं बोलणं बंद होतं. कारण असं की लिमयेबाईंनी आपल्या भाच्याच्या लग्नाला साहेबांना अगत्याने बोलावलं आणि साहेब अगत्याने गेले. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा साहेब मांडवात नव्हते. ते मंगल कार्यालयाच्या मागे, हात धुवायच्या नळाखालचं पाणी कुठे जातं ते बघत होते. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, आणि साहेब घाईघाईने पुढे येऊन नवरामुलाच्या वडिलांना म्हणाले, "अभिनंदन. तुमची पंगत पावसाळी गटारात चालली आहे."

लिमयेबाईंनी त्या दिवसानंतर त्यांच्याशी फक्त लेखी व्यवहार ठेवला. त्यांची कागदपत्रं मी नेऊन द्यायची. साहेबांच्या ते लक्षातही आलं नव्हतं, हा लिमयेबाईंचा दुसरा राग.

मी जे सांगणार आहे ते मी सहा महिन्यांची पोटुशी होते त्या उन्हाळ्यातलं. कचेरीच्या मागे कात्रजकडून येणारा ओढा आहे, आणि आमच्या गल्लीचं पावसाळी गटार तिथे त्या ओढ्याला मिळतं. आता गंमत बघा, गावभरच्या गटारांचे परवाने साहेब देणार, आणि नेमकं त्यांच्या खिडकीखालचं, हाताशीच म्हणून आधीच्या उन्हाळ्यात बघायचं राहून गेलेलं गटार मे महिन्यात वाहत होतं. फार नाही, बोटभर धार. पण वास होता. साहेबांनी नूतनीकरण अडवून धरलं. पालिकेच्या इंजिनिअरने सगळी गल्ली पालथी घातली तरी ते पाणी कुठून येतं ते सापडेना.

"रंग टाकू," साहेब म्हणाले.

ही त्यांची खास पद्धत. रंगपंचमीनंतर मंडईतल्या एका दुकानात उरलेला रंग ते दरवर्षी आणून ठेवत. एकेका घराच्या संडासात आणि मोरीत बादलीभर रंगाचं पाणी ओतायचं, वर दोन बादल्या साधं पाणी, आणि साहेब गटाराच्या तोंडाशी घड्याळ लावून बसणार. रंग आला तर ते घर चोर. ओतायचं काम बागवानमामांचं. आमच्या कचेरीचे हे मिस्त्री, तीन पिढ्या पुण्यात नळकामच करणाऱ्या घरातले, आणि बोलायला इतके मऊ की लोक भांडायला दार उघडत आणि आत या म्हणत.

पण गल्ली पुण्यातली होती. दुसऱ्याच घरी एक आजोबा दारात आडवे उभे राहिले. "रंगपंचमी झाली मार्चमध्ये. सरकारला आत्ता कळली का?" तिसऱ्या घरातल्या बाई म्हणाल्या, "टाका रंग, पण मग संडास घासूनही द्या." बागवानमामांनी खरंच घासून दिला. शेवटच्या घरात एक निवृत्त मास्तर राहत. त्यांनी आधी साहेबांचं ओळखपत्र पाहिलं, मग रंग पाहिला, मग तो टाकू दिला. त्यांचंही घर स्वच्छ निघालं तेव्हा त्यांनी तसं लेखी मागितलं. साहेबांनी आनंदाने दिलं. मास्तरांनी ते काचेत बसवून दाराबाहेर लावलं.

अशी अकरा घरं झाली. गुलाबी, हिरवा, पिवळा, सगळे रंग ओतून झाले. गटाराच्या तोंडाशी मात्र तीच बोटभर, बिनरंगी, वासाची धार.

पाचव्या दिवशी मास्तर स्वतः ओढ्यावर आले. हातात पिशवी, भाजी आणायला निघाले असावेत. साहेब छत्रीखाली बसलेले, मी वही घेऊन एका दगडावर.

"काय, सापडला का चोर?"

"नाही अजून."

"सगळ्यांकडे टाकलात रंग?"

"सगळ्यांकडे."

"कचेरीत टाकलात?"

साहेबांनी मान वळवून कचेरीकडे पाहिलं. मास्तर थांबले नाहीत, पिशवी हलवत मंडईकडे गेले.

डब्यात जांभळा रंग तेवढा उरला होता. आधी पुरुषांच्या संडासात टाकला. अर्धा तास थांबलो, काही नाही. साहेबांचा चेहरा जरा सैल झाला. मग राहिला बायकांचा.

या संडासाबद्दल सांगायला हवं. आमच्या कचेरीत पुरुष तीस आणि बायका तीन: लिमयेबाई, मी, आणि आवकजावक बघणारी नलू. पुरुषांची सोय पहिल्यापासून होती. बायकांची नव्हती, कारण इमारत बांधली तेव्हा बायका येतील असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. लिमयेबाईंनी अर्ज केले. एक नाही, दोन नाही, चार वर्षं, दरवर्षी एक. प्रत्येकावर शेरा: बाब विचाराधीन. शेवटी एकदाचा मागच्या भिंतीला लागून एक संडास झाला, निळं दार असलेला, आणि त्या दिवशी लिमयेबाईंनी आम्हा दोघींना पेढे दिले. मी असं काही घडताना दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही.

बागवानमामा आत जायला तयार होईनात. "बायकांची जागा आहे, साहेब. मी नाही जायचा." तेव्हा रंगाची बादली लिमयेबाईंनी उचलली. ओठ घट्ट मिटून, पदर खोचून त्या आत गेल्या आणि आपल्या हाताने त्यांनी ती ओतली.

मी ओढ्यावर होते. सहा मिनिटं झाली, सात झाली, आणि आठव्या मिनिटाला गटारातून जांभळी धार आली. लपवायचं म्हटलं तरी लपणार नाही अशी.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "लिहा."

"काय लिहू?"

"जांभळं."

ठेकेदाराला ड्रेनेजच्या चेंबरपर्यंत चर खणण्याचा कंटाळा आला होता. पावसाळी गटार हाताशी होतं, त्याने त्यात पाईप खुपसला आणि तो निघून गेला. दोन वर्षं आम्ही तिघी साहेबांच्या नाकाखाली अट क्रमांक नऊ मोडत होतो.

साहेबांनी त्या दुपारीच नोटीस काढली. प्रति, उपअभियंता. प्रेषक, उपअभियंता. ती त्यांनी स्वतःला बजावली, मिळाल्याची सहीही स्वतःच केली आणि सहीखाली वेळ घातली. चार वाजता निळ्या दाराला कुलूप लागलं. दुरुस्तीचा प्रस्ताव वरच्या कचेरीत गेला, म्हणजे आता तो तिथे विचाराधीन होणार हे आम्हाला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी साहेबांच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही. सहाव्या महिन्यात बाईला जे होतं ते मला होत होतं, आणि वर संताप.

"साहेब, नऊ नंबरची अट पाळली गेली. आता आम्ही कुठे जायचं ते कितव्या अटीत आहे?"

दुसरा कुणी असता तर ओरडला असता किंवा खजील झाला असता. साहेबांनी परवान्याचा कागद काढला आणि सतराच्या सतरा अटी बोट ठेवून वाचल्या. मी तिथे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी.

"कुठल्याच नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "पूर्वी काय करत होता?"

"लिमयेबाई सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत पाण्याचा थेंब पीत नाहीत. सोळा वर्षांतली चौदा वर्षं त्यांनी तशी काढली. नलू मधल्या सुट्टीत सदाशिव पेठेत लिमयेबाईंच्या बहिणीकडे पळत जायची. मला आता पळता येत नाही."

"मला कुणी सांगितलं नाही."

"चारही अर्जांवर तुमची सही आहे. योग्य ती कार्यवाही व्हावी, असं लिहिलंय तुम्ही. मी फाईल बघून आले आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चिखल, वास, बरण्या यांना कधी न बिचकलेला तो माणूस माझ्याकडे बघेना. त्या क्षणी मला त्यांची जरासुद्धा दया आली नाही, हे खरं सांगते. मग त्यांनी खण उघडला, दुसरं कुलूप काढलं, बाहेर गेले आणि पुरुषांच्या संडासाला ते लावलं. किल्ली आणून माझ्या हातात दिली.

"हा ड्रेनेजला जोडलेला आहे. दुसरा दुरुस्त होईपर्यंत हा तुमचा."

आणि दुपारी परिपत्रक निघालं. ते मीच टाइप केलं, आणि इतक्या आनंदाने मी आयुष्यात दुसरं काही टाइप केलेलं नाही. पुरुष कर्मचाऱ्यांनी स्वारगेटच्या स्थानकावरील सोयीचा उपयोग करावा. ओढ्याच्या काठी कुणी आडोसा धरल्यास तो विनापरवाना विसर्ग समजण्यात येईल.

कचेरीत हाहाकार झाला. हेडक्लार्क तरातरा आत गेले. "साहेब, स्वारगेटला जाऊन यायला वीस मिनिटं लागतात! आणि काय अवस्था आहे तिथली!"

"मग चहा कमी प्या. कसं जमवायचं ते लिमयेबाईंना विचारा."

साहेब स्वतःही जात. त्यांना मधुमेह होता. दर तासाला छत्री उघडून, उन्हातून, स्वारगेटच्या गर्दीत शिरताना ते दिसायचे. मी एकदा म्हटलं, साहेब, निदान तुम्ही तरी किल्ली घ्या. ते म्हणाले, "सूट फक्त पावसाला. मी पाऊस आहे का?" आणि गेले.

तिसऱ्या दिवशी वरचे मोठे साहेब आढावा बैठकीला आले. उन्हाचे दिवस. त्यांनी दोन चहा घेतले, वर ताक घेतलं. तासाभराने ते उठले, तेव्हा परिस्थिती समजावून सांगण्याचा मान हेडक्लार्कना मिळाला. मोठे साहेब सरकारी जीपमधून स्वारगेटला गेले. जीपमधून परत आले तेव्हा ताकाचा दुसरा पेला त्यांनी परत पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दुरुस्तीचा हुकूम आला. अकराला मजूर आले. आठवड्यात चर खणून, पाईप बदलून, चेंबरला जोडून झालं. पुन्हा रंग टाकला, साहेब तासभर ओढ्यावर बसले. "कोरडं," ते म्हणाले, आणि गल्लीच्या गटाराचा परवाना सुटला. निळं दार उघडलं, पुरुषांना त्यांची किल्ली मिळाली.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण मोठे साहेब स्वारगेट विसरले नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांचं पत्र आलं: कर्मचाऱ्यांची गंभीर गैरसोय केल्याबद्दल लेखी खुलासा करावा. साहेबांची बढती त्या वेळी तोंडाशी आली होती, बावीस वर्षांनी. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मऊ शब्दांत दोन ओळी लिहिल्या असत्या तरी भागलं असतं. त्यांनी मला बोलावून मजकूर सांगितला:

'याच कचेरीतील स्त्री कर्मचाऱ्यांची चौदा वर्षे गैरसोय होत होती. तिचा खुलासा कुणीही मागवलेला नाही. तो आधी मागवावा. त्यात पहिले नाव माझे असेल. तो दिल्यावर हा देईन.'

"साहेब, असंच पाठवायचं?" मी विचारलं.

"चूक आहे का काही?"

"नाही."

"मग पाठवा."

चार दिवसांनी मोठे साहेब पत्र घेऊन स्वतः आले. माणूस वाईट नव्हता. त्यालाही प्रकरण मिटवायचंच होतं. मी आत टिपण घ्यायला बसले होते, माझ्यासमोरच ते म्हणाले, "हे बघा, तुमची फाईल माझ्या टेबलावर आहे. हे पत्र मी परत घेऊन आलोय. टायपिस्टकडून चूक झाली, भलताच मजकूर गेला, असं एका ओळीत द्या. बाई वयाने लहान आहेत, त्यांना कोण काय म्हणणार? विषय संपला."

माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती, दोन महिन्यांवर बाळंतपण होतं, आणि खुर्चीतल्या माणसाला एक ओळ लिहायची होती. बढतीही मिळत होती, आणि बोलणारं कुणी नव्हतं. मी तरी काय बोलणार?

साहेबांनी पत्र हातात घेतलं, नीट वाचलं, पार खालच्या सहीपर्यंत. मग माझ्याकडे वळले. "बाई, यात तुमची काही चूक आहे का?"

"नाही, साहेब."

"मलाही दिसत नाही." त्यांनी पत्र मोठ्या साहेबांना परत दिलं. "मजकूर माझा आहे, सही माझी आहे. टायपिंग उत्तम आहे."

बढती आली नाही. गोपनीय अहवालात काय लिहिलं गेलं ते मला माहीत नाही, पण दीड वर्षाने साहेब त्याच खुर्चीतून, त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले. माझी नोकरी मात्र पक्की झाली होती. मुलगी सव्वा वर्षाची झाली होती.

निरोपसमारंभाला नारळ होता, शाल होती, बटाटेवडे होते. हेडक्लार्कनी साहेबांच्या शिस्तीबद्दल भाषण केलं, त्यात स्वारगेटचा उल्लेख शिताफीने टाळला. पालिकेचे इंजिनिअर आले होते. त्यांनी नववी अट पाठ म्हणून दाखवली आणि टाळ्या मिळवल्या. बागवानमामा बोलायला उठले, साहेबांकडे बघून त्यांना रडू आलं आणि ते बसले. मी काहीतरी लिहून नेलं होतं. ते हातातच राहिलं.

मग लिमयेबाई उठल्या. भाच्याच्या लग्नानंतर साहेबांसमोर त्यांनी तोंड उघडलेलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी माना वळवल्या. त्यांनी पदर सारखा केला.

"मी चार वर्षं अर्ज केले," त्या म्हणाल्या. "यांनी एक कुलूप लावलं."

आणि टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून, भर कचेरीत, सगळ्यांसमोर, त्यांनी तो तळापर्यंत रिकामा केला.